गाईडच्या पोरींचा वर्षअखेरचा कॅम्प कसा काढायचा: खान्देशातल्या नव्या कॅप्टन मॅडमसाठी

जूनमधे शाळा सुरू झाली की स्टाफ मीटिंगमधे कुणाच्यातरी गळ्यात गाईडचं (म्हणजे मुलींच्या स्काऊटचं) पथक पडतं, बहुतेक वेळा सगळ्यात नवीन लागलेल्या मॅडमच्या. मग वर्षभर प्रार्थना, नियम, गाठी, १५ ऑगस्ट, २६ जानेवारीची परेड असं करत गाडी चालते आणि डिसेंबरात पोरी मागे लागतात, मॅडम कॅम्प कधी. ट्रेनिंगमधे तंबू कसा ठोकायचा ते शिकवतात हो, पण पोरीच्या वडिलांना कसं पटवायचं, तीस जणींना वरणासोबतच्या बट्ट्या किती लागतात, एसटीवाल्याला पत्र काय द्यायचं, हे कुणी सांगत नाही. मी जळगाव जिल्ह्यात तालुक्याच्या गावी बरीच वर्षं हे करतेय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी एक सांगते, बाकी सगळं त्यावरच आहे. कॅम्पमधे तुम्ही जितकं कमी कराल तितका कॅम्प पोरींचा होतो, पण ते कमी करायला मिळावं म्हणून आधीचा दीड महिना तुम्हालाच राबावं लागतं.

१. तारीख ठरवा, पण आधी ऊन बघा

आपल्याकडे जूनला सुरू झालेला सीझन फेब्रुवारीत संपवायचा, एप्रिलमधे नाही. दर वर्षी कुणीतरी म्हणतंच की परीक्षा झाल्यावर आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुट्टीत काढा ना, पोरी मोकळ्या असतात. त्यांना गोड बोलून नाही म्हणा. एप्रिल-मेमधे जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो, त्यात पोरींना तंबूत झोपवणं म्हणजे भट्टीत बट्टी लावणं.

सोयीचा काळ म्हणजे संक्रांतीनंतर ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा. त्यानंतर दहावी-बारावीच्या परीक्षांची गडबड सुरू होते, आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून जंगलात वणव्याचा हंगाम धरतात, त्यामुळे वन विभागाच्या हद्दीत किंवा जवळपास शेकोटी विसराच. माझा क्रम असा: जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात सोपानच्या (गाईडमधल्या पायऱ्यांच्या) चाचण्या आणि खरी कमाई (पोरींनी स्वतः मिळवायचे पैसे), महिनाअखेरीला कॅम्प, आणि २२ फेब्रुवारीला चिंतन दिनाला समारोप. २२ फेब्रुवारी हा स्काऊट-गाईड चळवळ सुरू करणारे बेडन पॉवेल आणि लेडी बेडन पॉवेल दोघांचाही वाढदिवस (त्यांचा १८५७ चा, त्यांच्या पत्नीचा १८८९ चा), जगभरच्या गाईड तो पाळतात, म्हणून बॅज द्यायला यापेक्षा चांगला दिवस नाही.

शनिवारची सकाळची शाळा सुटली की निघायचं आणि रविवारी ऊन उतरायच्या आत गावात परत. एकच रात्र. पहिल्या वर्षी दोन रात्रींचा हट्ट करू नका.

२. जागा: सुंदर नको, सोयीची हवी

जागा म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी पाटणादेवी, पाल, मनुदेवी, तोरणमाळ. जागा छानच आहेत. पण पाटणादेवी गौताळा अभयारण्यात, पाल यावल अभयारण्याच्या भागात, म्हणजे वन विभागाची परवानगी, आत येण्या-जाण्याच्या वेळा, स्वयंपाक कुठे करायचा, हे सगळं आधी विचारावं लागतं. तोरणमाळ हजार मीटरच्या वर आहे, जानेवारीत तिथली रात्र आपल्या पोरींच्या शालीला जुमानत नाही आणि घाटातल्या वळणांवर अर्ध्या बसला उलट्या. पहिला कॅम्प तिथे नको. अजून एक, पावसाळ्यातले फोटो बघून केदारकुंड किंवा मनुदेवीचा धबधबा ठरवाल तर जानेवारीत पाण्याची धार बारीक नाहीतर कोरडा खडक मिळेल, आणि कुंडात मात्र पाणी उरलेलं असतं, तेच धोक्याचं. पाण्यात उतरायला बंदी म्हणजे बंदी, घोट्याएवढ्यासुद्धा.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा तासाभराच्या अंतरावरची एखादी शाळा किंवा आश्रमशाळा बघा, मोकळं पटांगण असलेली. ओळखीच्यांचा केळीचा मळा असेल तर दिवसाचे खेळ तिथे, झोप शाळेच्या खोल्यांमधे. पाटणादेवी, पद्मालय, लळिंगचा किल्ला, हतनूर धरणावरचे हिवाळी पक्षी, हे रविवारच्या सकाळच्या फेरीसाठी ठेवा, जे तुम्हाला जवळ पडेल ते.

देवस्थानाचं भक्तनिवास स्वस्त पडतं, काही ठिकाणी चांगलंही असतं, पण विचार करून घ्या. तीस पोरींमधे दोन-चार जणींची पाळी त्या दिवसात असणारच, आणि मग देवळाच्या आवारात राहायचं म्हणून ती पोरगी रात्रभर अंग चोरून बसते किंवा कॅम्पलाच येत नाही, कारण काहीतरी दुसरंच सांगते. शाळेत हा प्रश्नच येत नाही.

जागा स्वतः जाऊन बघायची, शक्यतो संध्याकाळी सहानंतर, म्हणजे कळतं की दिवे किती आहेत. बघायचं काय ते:

- संडास किती, आतून कडी लागते का (एक एक कडी स्वतः लावून बघा), पाणी नळाला आहे की बादलीने न्यायचं
- पिण्याचं पाणी कुठून, टाकी कधी धुतली
- रात्री लाईट गेली तर काय, लोडशेडिंगची वेळ कोणती
- गेटला कुलूप, वॉचमन कोण, त्याच्या घरचं कुणी जवळ राहतं का
- मोबाईलला रेंज कुठल्या कोपऱ्यात येते
- जवळचं ग्रामीण रुग्णालय किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र किती अंतरावर, सर्पदंशावरचं इंजेक्शन तिथे आहे का. हे फोनवर नाही, जाऊन विचारा

३. कागदपत्रं

हे कंटाळवाणं आहे पण एकही कागद कमी पडला तर ऐनवेळी सगळं थांबतं, म्हणून एक फाईल करा आणि डिसेंबरातच सुरुवात करा.

- मुख्याध्यापकांचं पत्र आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव
- शिक्षण विभागाची परवानगी, मुख्याध्यापकांमार्फत. उशीर इथेच होतो
- स्काऊट-गाईडच्या जिल्हा कार्यालयाला कळवल्याचं पत्र, पोच घेऊन
- जागेच्या मालकाची किंवा शाळेची लेखी संमती, वन हद्द असेल तर त्यांची वेगळी
- त्या गावच्या पोलीस स्टेशनला आणि ग्रामपंचायतीला माहितीचं पत्र
- प्रत्येक पोरीचं संमतीपत्र, आई-वडील दोघांची सही, दोघांचे मोबाईल नंबर
- तब्येतीचा फॉर्म: रक्तगट, दमा, फिट येणं, ॲलर्जी, चालू गोळ्या
- आधारची झेरॉक्स, पोरींची यादी तीन प्रतींत (एक तुमच्याकडे, एक शाळेत, एक बसमधे)

तब्येतीच्या फॉर्ममधे सिकलसेलचा (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा) रकाना नक्की ठेवा. सातपुड्याच्या पट्ट्यात, नंदुरबार-धुळ्याकडे आणि आपल्या चोपडा-यावल-रावेर भागातही, हा आजार आहे आणि बऱ्याच घरांत कार्ड असतं पण शाळेला सांगितलेलं नसतं. अशा पोरीला थंडी लागणं, पाणी कमी पिणं, जास्त दमणं यातून त्रास उठू शकतो. म्हणून तिला कॅम्पपासून तोडायचं नाही, तिच्या डॉक्टरांना विचारून घ्यायचं, पाण्याची बाटली सतत भरलेली, जास्तीची गोधडी, आणि चढाईच्या वेळी तिला टाइमकीपर करायचं म्हणजे तिलाही कमीपणा वाटत नाही.

बससाठी आगारात जाऊन प्रासंगिक कराराचं (पूर्ण बस भाड्याने घ्यायचं) विचारा, शालेय सहलीला सवलत मिळते, शाळेचं पत्र आणि यादी लागते. पण नोव्हेंबर ते जानेवारी सगळ्या शाळांच्या सहली असतात, त्यामुळे लवकर नंबर लावा. अंतर कमी असेल आणि पोरी थोड्या असतील तर साध्या लाल परीने जा, २०२३ पासून महिलांना अर्धंच तिकीट आहे, ते पोरींना आणि तुम्हालाही लागू.

४. पालक सभा, सगळ्यात अवघड पायरी

नोटीस पाठवून सभा होत नाही. वडील शेतावर, आई कापूस वेचायला नाहीतर केळीच्या कामाला. सभा संध्याकाळी सातनंतर ठेवा, आणि आयांना वेगळं बोलावणं धाडा, पोरींच्या हातून चिठ्ठी. आई आली की निम्मं काम झालं.

प्रश्न एकच असतो, वेगवेगळ्या तोंडांनी. "मॅडम, पोरगीले रातले बाहेर कसाले धाडानं? दिवसा लई जा ना." (म्हणजे पोरीला रात्री बाहेर कशाला पाठवायचं, दिवसा घेऊन जा ना.) यावर गाईड चळवळीचा इतिहास सांगू नका. त्यांना हवं ते सांगा: कुठल्या खोलीत झोपणार, दाराशी कोणती मॅडम झोपणार, गेटला कुलूप कोण लावणार, ड्रायव्हर कुठे राहणार (वेगळ्या इमारतीत, आणि हे आधीच सांगा, विचारायची वाट बघू नका). जागेचे फोटो मोबाईलवर दाखवा, संडासाचेसुद्धा. मी तर दोन आयांना सोबत यायचं आमंत्रणच देते, खर्च कॅम्पचा. त्या दोघी परत येऊन गल्लीत जे सांगतात त्यावर पुढच्या वर्षीची यादी भरते.

आठ-दहा पोरींमागे एक मोठी बाई, हे प्रमाण धरा. कुठलीही मोठी व्यक्ती, बाई असो की पुरुष, एका पोरीबरोबर बंद खोलीत एकटी नको. हा नियम सभेत मोठ्याने वाचा.

"सगळ्यांनी पाठवलं तर आम्ही पाठवू" असं म्हणणारे बरेच असतात. त्यांची नावं पेन्सिलने लिहा. आणि तरीही ज्या घरून नाहीच म्हणाले त्या पोरीला शनिवारचा दिवस तरी येऊ द्या, संध्याकाळी वडील घ्यायला येतील अशा बोलीवर. मग वडील घ्यायला येतात, शेकोटीची तयारी बघत बसतात, आणि कधीकधी गाडी एकटीच परत जाते.

५. पैसे आणि खरी कमाई

वर्गणी कमी ठेवा आणि उरलेलं खरी कमाईतून काढा. शाळेत शनिवारी स्टॉल लावायचा, पोरींनी स्वतः बनवायचं, स्वतः विकायचं, हिशेब स्वतः लिहायचा. जानेवारीत भरीत-पुरीला तोड नाही, भरताची हिरवी वांगी तेव्हा चांगली येतात आणि कपाशी उपटून झालेली असते म्हणून काड्या फुकट. काड्यांवर वांगी भाजायचं काम मात्र शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत, मोठ्या माणसाच्या नजरेखाली, आणि ओढण्या घट्ट बांधून.

सापळा इथे असा की काही घरांतून आयाच सगळं बनवून डबे पाठवतात आणि पोरगी नुसती विकते. असा स्टॉल छान दिसतो पण कमाई खरी नाही झाली. मी असे डबे परत पाठवते, थोडं वाईट वाटतं लोकांना, वाटू द्या.

ज्या पोरीला वर्गणी जमत नाही तिचं नाव कुठल्याही यादीत वेगळं दिसता कामा नये. खरी कमाईच्या पैशातून गुपचूप भरा.

६. संघांना कामं वाटून द्या आणि हात मागे बांधा

एका संघात सहा ते आठ पोरी, चार संघ म्हणजे ३२ जणींची भरलेली कंपनी. गाईडच्या संघांना फुलांची नावं, मोगरा, कमळ, जास्वंद, शेवंती वगैरे. कॅम्पच्या दोन आठवडे आधी संघनायिकांची कोर्ट ऑफ ऑनर, म्हणजे त्यांची बैठक, बसवा आणि स्वयंपाक, पाणी, सफाई, शेकोटी ही चार कामं त्यांनाच वाटू द्या, दर जेवणाला फिरती. भांडतील. भांडू द्या, तुम्ही फक्त वहीत लिहा.

कॅम्पमधे दर दहा मिनिटांनी कुणीतरी येऊन विचारणार, "मॅडम, आते काय करानं?" उत्तर ठरलेलं ठेवा, "तुनी संघनायिकाले इचार." पहिले दोन-तीन तास जड जातात कारण ताडपत्री वाकडी बांधलेली दिसते आणि हात शिवशिवतात. पडेल असं वाटलं तरच पुढे व्हा.

७. सामान

प्रत्येकीचं: युनिफॉर्म, स्कार्फ, शिट्टी, जास्तीचा एक ड्रेस, स्वेटर, कानटोपी, गोधडी किंवा ब्लँकेट (जानेवारीत पहाटे चांगलाच गारठा असतो, नुसती शाल चालत नाही), ताट-वाटी-पेला, टॉर्च, पाण्याची बाटली, साबण, टॉवेल, बूट. सोन्याचे कानातले घरी. मोबाईल घरी.

संघाचं: दोन ताडपत्र्या, दोरांची गुंडाळी, सहा-सात काठ्या, कात्री, बादली, खराटा. दोर नायलॉनचा घेऊ नका, घसरतो, गाठ नीट बसत नाही, सुती किंवा तागाचा घ्या. रीफ नॉट, क्लोव्ह हिच, बोलाइन, शीट बेंड या गाठी येत असतील आणि चौकोनी लॅशिंग (दोन काठ्या आडव्या-उभ्या घट्ट बांधणं) जमत असेल तर बांबूचं चपलांचं स्टँड आणि हात धुवायची तिकाटी पोरी तासाभरात उभी करतात.

तुमच्याकडे: प्रथमोपचार पेटी, ओआरएसची पाकिटं, सॅनिटरी पॅडची दोन-तीन मोठी पाकिटं, जुने वर्तमानपत्र आणि झाकणाचा डबा. पॅड कुठे ठेवलेत आणि वापरलेलं कुठे टाकायचं हे बसमधून उतरल्यावर पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांना एकत्रच सांगा, कुजबुजत नाही. काहींची पहिली पाळी कॅम्पमधेच येते, त्या पोरीने कुणाकडे जायचं हे तिला माहीत पाहिजे. आणि १०८ (ॲम्ब्युलन्स), ११२ (पोलीस आणि तातडीची मदत), १०९८ (मुलांसाठी चाइल्डलाइन) हे नंबर कागदावर लिहून दाराला चिकटवा.

८. स्वयंपाक

रात्री खिचडी-कढी असं सगळे सुचवतात. मी वरण-बट्टी करते, कारण त्यात हातांना काम खूप आहे. साधारण ३५ माणसांना जाडसर दळलेलं गहू-मक्याचं पीठ ७ किलो, तुरीची डाळ अडीच ते तीन किलो, वांग्याच्या भाजीला ५ किलो वांगी. पिठात ओवा, हळद, मीठ, तेलाचं मोहन, गोळे उकडून घ्यायचे, फोडी करायच्या आणि तळायच्या. तळण मोठ्या बाईनेच करायचं, यात वाद नाही. बाकी मळणं, वळणं, कापणं सगळं पोरींचं. संध्याकाळी चारलाच सुरू करा, नाहीतर जेवायला दहा वाजतात आणि छोट्या पोरी ताटावरच झोपतात.

सकाळी पोहे, दुपारी कळण्याची भाकरी सोबत आणलेली, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि ताजी शेवभाजी. तिखट निम्मं करा, घरी खातात तेवढं कॅम्पात खाल्लं तर रात्रभर संडासाची रांग. आणि रात्रीचं उरलेलं वरण सकाळी कुणालाही द्यायचं नाही, कितीही चांगलं दिसलं तरी. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं मिळून माणशी रोजचं चार-पाच लिटर पाणी धरा, जार आधी सांगून ठेवा.

९. दोन दिवसांचा क्रम

शनिवारी दुपारी पोचणं, ध्वज, जागेची ओळख, तंबू आणि बांबूकाम, स्वयंपाक, शेकोटी, साडेदहाला दिवे बंद. रविवारी साडेपाचला उठणं, बीपीचे (बेडन पॉवेल यांचे) सहा व्यायाम, आंघोळ-नाश्ता, तपासणी, मग मागखुणांचा (वाटेवरच्या खुणा शोधत जायचा) खेळ किंवा फेरी, जेवण, सफाई, ध्वज उतरवणं, निघणं. यापेक्षा जास्त कोंबू नका. वेळापत्रकात एक तास रिकामा ठेवा आणि तो रिकामाच राहू द्या.

रात्री मोजणी तीनदा: जेवणानंतर, शेकोटीनंतर, दिवे बंद करताना. संडासला जाताना जोडीने जायचं, टॉर्च आणि शिट्टी घेऊन.

१०. शेकोटी

इथे स्पीकर आणू नका. एकदा स्पीकर लागला की सिनेमाची गाणी सुरू होतात, चार धीट पोरी नाचतात आणि बाकीच्या बघत बसतात. त्यापेक्षा प्रत्येक संघाला आठवडाभर आधी सांगा की घरी आजीकडून एक गाणं शिकून या. आखाजीची गौराईची गाणी, झोक्यावरची गाणी, कानबाईची, लग्नातली. ज्या पोरी वर्गात तोंड उघडत नाहीत, अहिराणी बोलली की हसतील म्हणून गप्प बसतात, त्या इथे सुटतात. लेवा घरातली पोरगी तिच्या बोलीत, पावरा-भिल्ल घरातली तिच्या बोलीत, सगळं चालतं. नाटुकलं करायचं तर शाळेतल्या सरांची नक्कल हमखास येते, ती थांबवू नका पण व्हिडिओ काढू नका.

फोटोचं एकूणच: कॅम्प चालू असताना कुणीही स्टेटस टाकायचं नाही. तीस पोरी रात्री कुठे आहेत हे गावभर कळायची गरज नाही. पालकांच्या ग्रुपवर रात्री नऊला एक मेसेज, "सगळ्या जेवल्या, सगळ्या ठीक", एवढं पुरतं. फोटो परत आल्यावर, पालकांना विचारून.

शेकोटी विझवायला दोन बादल्या पाणी आणि माती आधीच बाजूला. राखेत हात घालून गार लागेपर्यंत शेकोटीवाला संघ झोपायला जात नाही.

११. परत आल्यावर आणि समारोप

रविवारी शाळेच्या गेटवर पोरगी घरच्याच्या ताब्यात, सही घेऊन. शेजारचा काका आला तर आईला फोन लावा.

सोमवारी हिशेब. पोरींनीच मांडलेला, पावत्यांसकट, बोर्डावर लावा. मग संघनायिकांची बैठक, काय जमलं काय नाही ते त्यांच्या शब्दात लॉगबुकात. २२ फेब्रुवारीला सोपानचे बॅज, बुलबुलमधून गाईडमधे येणाऱ्या छोट्यांचं स्वागत, दहावीच्या पोरींचा निरोप. भाषणं दोनच ठेवा, पाहुणा एकच बोलवा. बॅज त्या दिवशी हातात नसतील तर समारंभ फिका पडतो, म्हणून चाचण्यांचे कागद जानेवारीतच जिल्हा कार्यालयात द्या.

शेवटचं काम ताडपत्र्यांचं. पहाटेच्या दवाने त्या ओल्या असतात, तशाच घडी करून स्टोअररूममधे टाकल्या तर जूनमधे बुरशी आणि उंदीर दोन्ही निघतात. मैदानावर दोन दिवस उन्हात वाळवा, दोर वेगळे गुंडाळा, यादी करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा आणि किल्ली पुढच्या वर्षीच्या संघनायिकेला दाखवून ऑफिसात द्या.